गाडी आपली, डोकेही आपलेच

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात शिक्षकांपैकी एकाने पालकांशी दोन शब्द बोलावे असा आपल्याकडे प्रघात आहे. मागे अभ्यासाच्या सवयी झाल्या, स्पर्धा परीक्षा झाल्या, मुलींचे उच्च शिक्षण झाले. यंदा माझे नाव निघाले तेव्हा मी चिटणीस साहेबांना म्हटले, "मला मोटारसायकलवर बोलायचे आहे." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बोला, पण शाळेशी त्याचा संबंध काय?" मी त्यांना शिक्षकखोलीच्या मागील खिडकीपाशी नेले. खाली चिंचेच्या सावलीत गाड्या उभ्या होत्या. आम्ही दोघांनी त्या मोजल्या. सव्वीस भरल्या. त्या सव्वीस गाड्यांवर हेल्मेटे दिसली तीन. त्यांतले एक आरशाला अडकवलेले, दुसरे टाकीवर ठेवलेले आणि तिसरे चिखलाने माखून मागे दोरीने बांधलेले होते. चिटणीस साहेब म्हणाले, "बोला, बोला."

मी इतिहासाचा शिक्षक आहे. वाहतूक हा माझा विषय नव्हे. परंतु गेली बारा वर्षे रोज अठरा किलोमीटर जाऊन-येऊन मी याच रस्त्याने मोटारसायकलवरून शाळेत येतो, आणि एका प्रसंगाने मला या विषयाचा अभ्यास करणे भाग पाडले. तो प्रसंग मी पुढे सांगणार आहे. माझ्या बोलण्यात उपदेश आढळला तर तो आमच्या पेशाचा दोष समजून सोडून द्यावा.

प्रथम थोडे आकडे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत महाराष्ट्रातील १५,२२४ होती. देशातील एकूण मृतांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते, म्हणजे शंभरात चव्वेचाळीसहून अधिक. आणि ज्यांनी हेल्मेट घातलेले नव्हते असे मृत ५०,०२९. या पन्नास हजारांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. त्यांच्या हातात हँडल नव्हते आणि ब्रेकही नव्हता. हेल्मेट असते तर हे सर्वच वाचले असते असे कोणी जाणता माणूस म्हणणार नाही. पण पुष्कळसे वाचले असते. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २००८ साली डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने निष्कर्ष काढला की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. दोन किलो साखरेपेक्षा कमी वजनाच्या वस्तूने एवढे काम करावे ही लहान गोष्ट नाही.

आपल्याकडे अपघाताची बातमी आली की पहिला प्रश्न विचारला जातो, "चूक कोणाची?" मग उत्तरे येतात. डंपरवाल्याची, बसवाल्याची, बांधकाम खात्याची, मोकाट गुरांची. ही उत्तरे खोटी नाहीत. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे ते कसे रखडले हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. कशेडी आणि परशुराम घाटांतून पावसाळ्यात ज्याने गाडी चालवली त्याला रस्त्याविषयी मी काय सांगावे? खड्ड्यांविषयी निवेदन द्यायचे असेल तर पहिली सही माझी घ्यावी. परंतु मित्रांनो, खड्डा बुजेपर्यंत त्याच रस्त्याने जायचे आहे. कारवाल्याच्या भोवती पत्रा असतो, छातीवर पट्टा असतो, पुढे हवेची पिशवी असते. मोटारसायकलवाल्याच्या भोवती त्याचा शर्ट असतो. चूक समोरच्याची होती असा निकाल कोर्टाने दिला तरी मोडलेले हाड मोडलेलेच राहते. म्हणून चूक कोणाची हा प्रश्न पोलिसांवर सोपवावा, आणि गाडीला किल्ली लावताना स्वतःला निराळा प्रश्न विचारावा की समोरचा चुकला तर मी काय करणार आहे?

यावर आपल्यातील काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "मास्तर, जे नशिबात लिहिले आहे ते चुकत नाही." त्यांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. माझीही तीच श्रद्धा आहे. पण उंट आधी बांधून ठेवण्याविषयीची हदीस या सभागृहातील लहान मुलालाही पाठ आहे. हेच वडीलधारे रात्री दुकानाला दोन कुलुपे लावतात आणि तिसऱ्यांदा ओढून पाहतात. तेथे ते नशिबावर सोडत नाहीत.

आता वेग म्हणजे काय ते पाहू. पुढील गणित मी आमच्या विज्ञानाच्या सरांकडून तपासून घेतले आहे, तेव्हा चूक निघाल्यास त्यांना विचारावे. माडावरून नारळ पडतो. माड साडेअकरा मीटर उंच असेल तर जमिनीला लागतेवेळी नारळाचा वेग ताशी ५४ किलोमीटर होतो. याचा अर्थ असा की ताशी ५४ च्या वेगाने जो भिंतीवर किंवा मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळतो, तो साडेअकरा मीटर उंचीच्या माडावरून डोक्यावर पडण्यासारखे आहे. माडावर चढणाऱ्या पाडेकऱ्याला विचारा. तो पायाला दोरी बांधतो, कोयता कमरेला नीट अडकवतो, ओल्या माडावर चढत नाही. आणि आपली मुले रोज चार वेळा त्या माडाच्या शेंड्यावर जाऊन बसतात, एका हाताने मोबाइल धरून! वेग दुप्पट केला तर उंची दुप्पट होते असेही नाही. ती चौपट होते. ताशी ३६ ला ती पाच मीटर आहे, ताशी ७२ ला वीस मीटर. शिवाय समोर म्हैस दिसल्यापासून ब्रेकवर बोटे जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. ताशी ५४ च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी पंधरा मीटर पुढे जाते. आपल्या दोन वर्गखोल्यांची लांबी साधारण तेवढीच आहे. तेवढे अंतर तुम्ही काहीही न करता कापलेले असते, ब्रेक त्यानंतर लागतो.

हेल्मेटच्या बाबतीत एक गैरसमज आहे. लोकांना वाटते की वरचे कडक कवच डोके वाचवते. कवच हवेच, पण खरे काम आतल्या थर्माकोलसारख्या थराचे आहे. आपटल्यावर तो थर चेपतो, आणि चेपता चेपता डोक्याला थांबायला क्षणभर अधिक वेळ देतो. त्या क्षणभराने मेंदू वाचतो. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून चकचकीत असले तरी टाकून द्यावे. दुसरी गोष्ट पट्ट्याची. हनुवटीखाली पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच हिसक्याला उडून जाते आणि माणसाच्या आधी गटारात पोहोचते. तिसरी गोष्ट किमतीची. रस्त्याकडेला मिळते ती नुसती प्लॅस्टिकची टोपली असते आणि तिचा उपयोग फक्त पोलिसाला दाखवण्यापुरता. १ जून २०२१ पासून आपल्या देशात दुचाकीसाठी आय.एस.आय. मार्क असलेलीच हेल्मेटे विकता येतात. मागील बाजूस आय.एस. ४१५१ हा क्रमांक पाहून घ्यावा. एका पालकाने मला सांगितले, "सर, जुम्म्याच्या दिवशी टोपीवर हेल्मेट बसत नाही." मी म्हटले, "टोपी खिशात बसते." ते हसले. पुढल्या शुक्रवारी मशिदीच्या दारात त्यांनी खिशातून टोपी काढून मला दुरूनच दाखवली.

येथे मला माझ्या विषयातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. पहिल्या महायुद्धात अरबांच्या बंडात उंटावरून वाळवंट तुडवणारा ब्रिटिश अधिकारी लॉरेन्स आपल्याला ठाऊक आहे. त्याच्याविषयी आपल्या लोकांची मते काहीही असोत, त्याच्या धाडसाविषयी दुमत नाही. तुर्कांच्या गोळ्यांतून तो वाचला. पुढे इंग्लंडमध्ये एका खेड्याजवळ तो राहू लागला. मोटारसायकलचा त्याला भारी शौक होता. १३ मे १९३५ रोजी तार करून तो घरी परतत होता. घर अगदी जवळ आले होते. रस्त्याच्या उताराआड सायकलीवरची दोन मुले अचानक दिसली, त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्याला मार बसला. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी तो मरण पावला. वय शेहेचाळीस. डोक्यावर काही नव्हते. त्या काळी कोणाच्याच नसे.

त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ते रोग्याला वाचवू शकले नाहीत, पण ती गोष्ट त्यांनी मनातून जाऊ दिली नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर लष्करात निरोप नेणारे मोटारसायकलस्वार मोठ्या संख्येने डोके फुटून मरत आहेत हे त्यांनी पाहिले, एकेका स्वाराची नोंद केली आणि १९४१ साली निबंध लिहून दाखवून दिले की हेल्मेट घातलेल्यांच्या डोक्याची इजा सौम्य असते. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेटची सक्ती केली. सामान्य नागरिकांसाठी तसा कायदा व्हायला मात्र तेथेही १९७३ साल उजाडले. आपल्याकडे तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात आहे, चालवणाऱ्यासाठीही आणि मागे बसणाऱ्यासाठीही. मला या गोष्टीत लॉरेन्सपेक्षा केर्न्स मोठे वाटतात. एका रोग्यापुढे हात टेकल्यावर ते म्हणाले नाहीत की त्याचे नशीब.

"जवळच जायचे आहे, हळूच जायचे आहे", हे आपल्याकडचे सर्वांत लाडके कारण. त्याचेही उत्तर आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात प्राध्यापक हर्ट यांनी मोटारसायकलच्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की निम्म्या अपघातांत गाडीचा वेग ताशी ४८ किलोमीटरपेक्षा कमी होता. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश प्रसंगी चूक दुसऱ्या वाहनवाल्याचीच होती, आणि बहुतेक वेळी त्याला मोटारसायकल दिसलीच नव्हती. पण ज्या अपघातांत दुसरे वाहनच नव्हते, त्यांत दोन-तृतीयांश प्रसंगी चूक स्वाराची होती. वळणावर वेग जास्त, नाहीतर ब्रेक चुकीचा. आणि शंभरातील ब्याण्णव स्वार आपले आपण किंवा भावाकडून, मित्राकडून शिकलेले. देश अमेरिका असला तरी हे वाचताना मला आपला तालुकाच दिसत होता. आपल्यापैकी किती जणांना कोणी रीतसर शिकवले? मला माझ्या मामूंनी शेतात शिकवले. क्लच सोड आणि मूठ पिळ, एवढाच धडा होता. थांबायचे कसे ते त्यांनी सांगितले नाही. ते मी कुंपणाला विचारले.

मोटारसायकल दुसऱ्याला दिसत नाही म्हणूनच एप्रिल २०१७ पासून नवीन गाड्यांचा पुढचा दिवा दिवसाही चालू राहतो. आपले भले लोक रस्त्यात हाताची बोटे मिटून-उघडून सांगतात, "लाईट चालू आहे, लाईट!" त्यांचे आभार मानावे आणि दिवा चालूच राहू द्यावा. चालू राहणार नाही अशी खटपट वायरमनकडून करून घेणारेही महाभाग मी पाहिले आहेत.

ब्रेकविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक चुकीचा धडा चालत आला आहे. "पुढचा ब्रेक दाबू नकोस, गाडी कोलांटी खाईल." यामुळे मुले फक्त पायाचा ब्रेक शिकतात. वास्तविक गाडी थांबू लागली की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते. म्हणून गाडी थांबवण्याचे निम्म्याहून बरेच अधिक काम पुढचा ब्रेक करतो. नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला की मागचे चाक अडकते, घसरत आडवे येते, आणि मग माणूस सांगतो, "गाडी सरकली." गाडी आपली आपण सरकत नसते. दोन्ही ब्रेक एकदम धरावेत, पुढचा हळूहळू वाढवीत न्यावा, हँडल सरळ असताना धरावा. वळणात शिरल्यावर नव्हे, शिरण्यापूर्वी वेग कमी करावा. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीवरील नव्या गाड्यांना चाक अडकू न देणारी ए.बी.एस. ही यंत्रणा सक्तीची झाली, लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडलेले आले. पण घराघरांत त्यापूर्वीच्या गाड्या आहेत, आणि पहिल्या पावसात रस्त्यावर उतरलेला तांबड्या मातीचा चिखल कोणत्याच यंत्रणेला दाद देत नाही. जूनचा पहिला आठवडा मी स्वतः ताशी तीसच्या वर जात नाही. मागून मुले हॉर्न वाजवीत जातात. त्यांतली काही माझ्याच वर्गातली असतात, आणि ती मान वळवून सलामही करतात. मान वळवू नये. सलाम शाळेत करावा.

भगिनींसाठी दोन शब्द. मागे बसताना ओढणी, बुरख्याचा घेर चाकाकडे सुटलेला असतो आणि तो चाकात किंवा साखळीत गेला की मागची बाई खेचली जाते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी सांगितलेली आहे. त्या जाळीला आपण साडीगार्ड म्हणतो. नवी गाडी आली की मुलगा प्रथम काय काढून टाकतो? ती जाळी. का, तर शोभत नाही. अम्मींनी त्या दिवशी गाडीवर बसायला नकार द्यावा. बसण्याआधी घेर गोळा करून मांडीखाली घ्यावा आणि लहान मुलाला टाकीवर बसवू देऊ नये. पुढे बसलेले मूल हे बापाच्या छातीची आणि हँडलची मधली उशी ठरते. चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेटची सक्ती आहे, आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून त्याहून लहान मुलासाठी मोठ्या माणसाशी बांधणारा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० ची वेगमर्यादा असा नियम झाला आहे. लहान मापाचे हेल्मेट तालुक्याच्या दुकानात मागितले तर दुकानदार प्रथम हसेल. दहा जणांनी मागितले की मागवील.

आता थोडे अवघड बोलतो. आपल्या गावांतील अनेक घरांचे कर्ते पुरुष कुवेत, दोहा, जेद्दाह, मस्कत येथे आहेत. तेथून ते दोन वर्षांनी येतात. मुलाचे बालपण त्यांनी फोनवर पाहिलेले असते, आणि त्याची चुटपुट त्यांना असते. दहावीचा निकाल लागला की मुलगा म्हणतो, "अब्बा, गाडी." अब्बांना नाही म्हणवत नाही. मला त्यांचे मन कळते. पण हेच अब्बा तिकडे गाडीत बसले की पहिला पट्टा लावतात, सिग्नलला थांबतात, दंडाच्या भीतीने का होईना रेषा ओलांडत नाहीत. मग मुंबईच्या विमानतळावर उतरून गावी पोहोचेपर्यंत तो माणूस कोठे हरवतो? गाडी घेऊन देणारा हात तिकडचा आहे, तर तिकडची शिस्तही त्या गाडीबरोबर यावी.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. मोटारसायकलला अठरा वर्षे पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षाची सवलत ५० सीसीपर्यंतच्या गाडीला आहे, आणि चिंचेखाली तशी एकही नाही. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. मालक-चालकाला विम्यातून पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण त्यालाही वैध लायसन्स लागते.

हा कायदा मी पुस्तकातून शिकलो नाही. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना होता, क्रीडा स्पर्धांचा बक्षीस समारंभ दुसऱ्या दिवशी होता. ढाली आणि करंडक तालुक्याच्या दुकानात तयार होऊन पडले होते. संध्याकाळचे पाच वाजले होते. बारावीतला एक मुलगा समोर आला. हुशार, चपळ, कोणत्याही कामाला पुढे. सतरा वर्षांचा होता. मला त्याचे वय ठाऊक होते, कारण हजेरीपट मीच लिहितो. मी त्याला म्हटले, "मामूंची गाडी आणली आहेस ना? जा, पटकन ढाली घेऊन ये." पटकन हा शब्द मीच वापरला.

तो पटकन गेला. येताना ढालींचे पोते त्याने टाकीवर आडवे ठेवले. मोरीच्या वळणावर म्हैस आली. पोत्यामुळे हँडल पुरते वळले नसावे. दुसरे वाहन नव्हते. कोणावर बोट दाखवावे असे तेथे कोणीच नव्हते. तो कठड्यावर आपटला. डोके उघडे होते. माझे हेल्मेट त्या वेळी शिक्षकखोलीत खुंटीला टांगलेले होते. ते काढून त्याच्या हातात द्यावे असेही मला सुचले नव्हते.

एकोणीस दिवस तो मोठ्या शहरातील रुग्णालयात बेशुद्ध होता. अल्लाहच्या कृपेने वाचला. उजवा हात आता मंद चालतो. बोलताना शब्द सापडत नाही, मग तो थांबतो, हसतो आणि समोरच्याने तो शब्द सांगावा याची वाट पाहतो. वडील परदेशातील नोकरी सोडून कायमचे आले. लायसन्स नव्हते, म्हणून विम्यातून काही मिळाले नाही. मामूंवर खटला झाला. माझ्यावर काहीच झाले नाही, कारण "सरांनी पाठवले होते" हे त्या घराने कोणालाही सांगितले नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "सर, तुम्ही काय मुद्दाम केलेत?" त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. आज ही गोष्ट मी त्यांना आणि त्याला विचारून सांगत आहे. दोघेही या सभागृहात बसलेले आहेत.

त्यामुळे पालकांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, आणि मी तो घेतही नाही. ज्याने गाडी घेऊन दिली, ज्याने किल्ली दिली, ज्याने काम सांगितले आणि ज्याने मूठ पिळली, अशी चार माणसे असतात. त्यांतला कोणीही एक "नाही" म्हणाला तरी गाडी जागची हलत नाही. त्या संध्याकाळी पहिला "नाही" माझा असायला हवा होता. आता आमच्या शिक्षकखोलीत ठरले आहे की शाळेच्या कामासाठी कोणत्याही विद्यार्थ्याला गाडीवरून पाठवायचे नाही. ढाली उशिरा आल्या तर बक्षिसे उशिरा वाटली जातील. यंदा त्या रिक्षाने आणल्या. रिक्षाचे भाडे तीनशे ऐंशी रुपये झाले. पावती कार्यालयात आहे.

अपघात झालेला दिसला तर काय करावे, हेही थोडक्यात सांगतो. १०८ ला फोन करावा. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये, मानेला धक्का बसतो. त्याला पाणी पाजू नये. त्याला उठवून बसवण्याची घाई करू नये. पोलिसांच्या भीतीने पळू नये. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. आमच्या मुलाला मोरीपासून उचलून नेणारा एक टेम्पोवाला होता. तो कोण हे आम्हाला आजही ठाऊक नाही.

त्या मुलाच्या वडिलांनी बाजारात दुकान घातले आहे, तो तेथे गल्ल्यावर बसतो. मी कधी दुकानासमोर गाडी लावली आणि हेल्मेट डोक्यावर असूनही पट्टा सुटा असला, तर तो बोलत नाही. डाव्या हाताचे बोट स्वतःच्या हनुवटीखाली लावून दाखवतो. मी पट्टा लावतो, मग तो हिशेबाची वही पुढे ओढतो.

येत्या रविवारपासून सलग चार रविवार सकाळी आठ वाजता शाळेचे मैदान आपण यासाठी मोकळे ठेवले आहे. क्रीडाशिक्षकांनी चुन्याने रेघा मारून दिल्या आहेत. तेथे ताशी वीस आणि तीसच्या वेगावरून गाडी सरळ थांबवायची, दोन्ही ब्रेक धरून, एवढाच सराव करायचा आहे. अठरा वर्षे पूर्ण असलेल्यांनीच यावे. लायसन्स, गाडीचे कागद आणि पट्ट्याचे हेल्मेट बरोबर आणावे. टायर गुळगुळीत असतील तर आधी बदलून घ्यावे, आरसे काढून ठेवले असतील तर पुन्हा बसवून घ्यावे. वडील मंडळीही आली तर मला आनंद होईल, शिकण्याची गरज आपल्यालाही आहे. येताना मागील फाटकाने यावे. पुढील फाटकासमोर बांधकामाची खडी पसरली आहे.